टेकडी कोणाच्या नावावर?

महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याची पाळी माझ्यावर बहुधा दरवर्षी येते. या खेपेचा विषय पॅलेस्टाईनचा होता. दोन्ही बाजूंची मुले तयारी करून आली होती. एकाने जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरापासून सुरुवात केली आणि हिटलरच्या छळछावण्यांपाशी तो थांबला. दुसरीने बाल्फोर जाहीरनाम्यापासून आरंभ करून १९४८ च्या निर्वासितांपर्यंत मजल मारली. टाळ्या दोघांनाही पडल्या. ज्याचा आवाज चढा आणि हातवारे जोरकस, त्याला मी पहिले बक्षीस देऊन मोकळा झालो.

रात्री घरी आल्यावर मात्र मन खाऊ लागले. तासभर चाललेल्या त्या वादात हजारो वर्षांचा इतिहास आला, देव आले, महायुद्धे आली. पण एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही. ज्या जमिनीबद्दल आपण एवढ्या तावातावाने बोलतो आहोत, ती कागदोपत्री आहे कोणाच्या नावावर? आपल्यापैकी ज्यांच्या घरी थोडीफार शेती आहे त्यांना हा प्रश्न शिकवावा लागत नाही. बांधावरून भांडण उठले की म्हातारी माणसे पहिल्यांदा एवढेच म्हणतात, ‘आधी उतारा काढून आण.’ मग मोजणी, मग पंच, मग कोर्ट. आपल्या घरच्या दोन गुंठ्यांना आपण लावतो ती कसोटी जगाच्या भांडणाला लावायला आपण का विसरतो?

म्हणून या लेखात मी संपूर्ण पॅलेस्टाईनचा प्रश्न सोडवायला बसणार नाही. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मी एकाच टेकडीची हकीगत सांगणार आहे. तिचे नाव अमोना.

*

जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा म्हणून जो प्रदेश ओळखला जातो, तो १९६७ च्या जूनमधील सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून जिंकला. त्या प्रदेशात, रामल्ला शहराच्या ईशान्येला, ओफ्रा नावाची एक इस्रायली वसाहत आहे. ती १९७५ सालची. ओफ्राच्या शेजारच्या टेकडीवर १९९० च्या दशकाच्या मध्याला काही तरुण इस्रायली कुटुंबे फिरती घरे घेऊन आली आणि राहू लागली. तीच अमोना. या टेकडीवरील जमीन सिलवाद, ऐन याब्रूद आणि तैबे या जवळच्या पॅलेस्टिनी गावांतील शेतकऱ्यांची होती. ‘होती’ म्हणजे परंपरेने किंवा ऐकीव माहितीने नव्हे. नोंदणी पुस्तकात त्यांची नावे लागलेली होती.

अशा वस्तीला हिब्रूत ‘मआहाझ’ म्हणतात. पाय रोवण्याची जागा, असा त्या शब्दाचा भाव. आपण तिला बिनपरवाना वस्ती म्हणू. ती वसाहतीहून वेगळी कशी, हे समजून घेतल्याशिवाय पुढची भानगड उलगडणार नाही.

इस्रायलच्या स्वतःच्या नियमांनुसार व्याप्त प्रदेशात नवी वसाहत करायची तर चार गोष्टी लागतात. पहिली, मंत्रिमंडळाचा निर्णय. दुसरी, जमिनीचा निर्वेध हक्क, म्हणजे ती कुणाची खाजगी नसली पाहिजे. तिसरी, मंजूर झालेला आराखडा. चौथी, लष्करी अधिकाऱ्याने वस्तीची ठरवून दिलेली हद्द. या चारांपैकी एखादी जरी नसली तरी ती वस्ती बिनपरवाना. अमोनाच्या बाबतीत मुळातला जमिनीचा हक्कच नव्हता.

मग हा उद्योग सुरू का झाला? १९९३ मध्ये ओस्लो करार झाला. वाटाघाटी चालू असताना नव्या वसाहती उघडपणे मंजूर करणे इस्रायली सरकारला जड जाऊ लागले. जे पुढच्या दाराने करता येईना ते मागच्या दाराने होऊ लागले. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एरियल शेरॉन यांनी, मिळतील तेवढ्या टेकड्या धावत जाऊन ताब्यात घ्या, अशा अर्थाचे जाहीर आवाहन केले होते. मंत्रीच असे बोलू लागल्यावर तरुणांनी परवान्याची वाट कशाला पाहावी?

पुढे हेच शेरॉन पंतप्रधान झाले आणि अमेरिकेच्या दडपणाखाली या वस्त्यांची चौकशी करणे त्यांना भाग पडले. सरकारी वकिलांच्या कार्यालयात अनेक वर्षे काम केलेल्या तालिया सासोन या विदुषीवर ते काम सोपवण्यात आले. २००५ च्या मार्चमध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला. शंभरावर बिनपरवाना वस्त्यांची नोंद त्यात आहे. परंतु खरा धक्का आकड्याचा नव्हता. गृहनिर्माण मंत्रालयाने पैसे दिले, जागतिक झायोनिस्ट संघटनेच्या वसाहत विभागाने मदत केली, रस्ते झाले, वीज आली, पाणी आले, लष्कराने पहारा दिला, आणि हे सारे सरकारच्याच नियमांना धाब्यावर बसवून झाले, असे त्या अहवालाने दाखवून दिले. म्हणजे ‘अनधिकृत’ हा शब्द निम्माच खरा. परवाना नव्हता हे खरे. पण सरकारचा हात नव्हता हे खोटे.

*

आता कायद्याकडे वळू. येथे दोन कायदे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि आपल्या विद्यार्थ्यांची गल्लत होते ती नेमकी इथेच.

पहिला आंतरराष्ट्रीय कायदा. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातील ४९ वे कलम म्हणते की, ज्या सत्तेने एखादा प्रदेश युद्धात व्यापला आहे तिने आपले स्वतःचे नागरिक त्या प्रदेशात नेऊन वसवू नयेत. १९०७ च्या हेग नियमावलीतील ४६ वे कलम खाजगी मालमत्ता जप्त करण्यास मनाई करते. या दृष्टीने पाहिले तर परवाना असलेली वसाहत आणि नसलेली वस्ती यांत फरकच उरत नाही, दोन्ही बेकायदा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९७९ च्या ४४६ क्रमांकाच्या ठरावात आणि २०१६ च्या डिसेंबरमधील २३३४ क्रमांकाच्या ठरावात हेच म्हटले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा १९ जुलै २०२४ रोजी दिलेल्या सल्लावजा मतांत हेच सांगितले.

दुसरा, इस्रायलचा स्वतःचा कायदा आणि त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे. ‘बिनपरवाना’ आणि ‘परवानाधारक’ हा भेद फक्त या दुसऱ्या कायद्यात आहे. तेव्हा कुणी ‘बेकायदा वस्ती’ असे म्हणाला, की पहिल्याने विचारावे: कोणत्या कायद्याने?

इस्रायल सरकारची बाजूही नीट ऐकली पाहिजे. विरोधकाचा मुद्दा त्याच्याहून चांगल्या शब्दांत मांडता आला तरच आपल्याला त्याचे खंडन करण्याचा अधिकार, असे मी वर्गात सांगत असतो. ती बाजू अशी: पश्चिम किनारा १९६७ पूर्वी कोणत्याही मान्य राष्ट्राचा नव्हता. जॉर्डनने १९५० मध्ये तो आपल्याला जोडून घेतला खरा, पण जगातील फारच थोड्या देशांनी ते मान्य केले. मग व्यापला तो कुणाकडून? शिवाय १९२२ च्या राष्ट्रसंघाच्या आदेशपत्राने या भूमीवर ज्यूंच्या वस्तीला उत्तेजन दिले होते. जिनिव्हा करारातील कलम हिटलरने केलेल्या सक्तीच्या स्थलांतरासारख्या प्रकारांसाठी लिहिले गेले. स्वखुशीने घर बांधणाऱ्याला ते लागू नाही. २०१२ मध्ये माजी न्यायमूर्ती एडमंड लेव्ही यांच्या समितीने याच धर्तीवर निष्कर्ष काढला. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, वसाहती स्वभावतः आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नाहीत, अशी भूमिका घेतली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांच्यानंतरच्या मंत्र्यांनी ती फिरवली.

ही मांडणी टाकाऊ नाही. पण तिला सर्वांत समर्पक उत्तर मिळाले ते इस्रायलच्याच परराष्ट्र मंत्रालयाकडून, आणि तेही अगदी आरंभी. युद्धानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर १९६७ मध्ये, त्या मंत्रालयाचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी गुप्त टिपण लिहून कळवले की, व्याप्त प्रदेशात नागरी वस्ती करणे जिनिव्हा कराराचे उल्लंघन ठरेल. हे मेरॉन कोण? लहानपणी नाझींच्या छळछावणीतून वाचलेला मुलगा. पुढे ते युगोस्लाव्हियासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झाले. जिनिव्हा करार कशासाठी लिहिला गेला हे त्यांना दुसऱ्या कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणखी एक. इस्रायलचे सर्वोच्च न्यायालय दशकानुदशके या प्रदेशातील लष्करी अधिकाऱ्याचे अधिकार ‘युद्धजन्य ताब्या’च्या कायद्यावरूनच मोजत आले आहे. लष्कराला जमीन घेण्याचा अधिकार हवा तेव्हा ताबा मान्य, आणि त्याच ताब्यातून येणारी बंधने पाळायची वेळ आली की ताबा अमान्य, हे कसे चालेल?

*

अमोनाच्या आधीची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यातून निघाले. १९७९ साली नाब्लसजवळच्या रुजैब गावातील जमीन लष्करी गरजेच्या नावाखाली घेऊन तेथे एलोन मोरे नावाची वसाहत सुरू झाली. गावकरी न्यायालयात गेले. माजी सरसेनापती हाईम बार-लेव्ह यांनी गावकऱ्यांच्या बाजूने प्रतिज्ञापत्र केले की, या जागेला संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्व नाही. आणि गंमत अशी की, वसाहतकऱ्यांनीच न्यायालयाला सांगितले: आम्ही येथे सुरक्षेसाठी आलेलो नाही, ही भूमी देवाने दिली म्हणून कायमचे राहायला आलो आहोत. त्यांचा प्रामाणिकपणा सरकारला महागात पडला. २२ ऑक्टोबर १९७९ रोजी न्यायालयाने ती वसाहत हलवण्याचा हुकूम दिला.

सरकारने हुकूम पाळला. पण धडा निराळाच घेतला. खाजगी जमीन घेता येत नाही ना? मग खाजगी जमीनच कमी करू! ऑटोमन तुर्कांचा १८५८ सालचा जमीन कायदा बाहेर काढण्यात आला. त्या कायद्याप्रमाणे, जी शेतजमीन मालकाने सलग तीन वर्षे कसली नाही, ती सरकारजमा होऊ शकते. नोंदणीचे म्हणाल तर जॉर्डनच्या राजवटीत जमिनींची मोजणी आणि नोंदणी सुरू होती. १९६७ पर्यंत सुमारे एक तृतीयांश प्रदेशाचेच काम उरकले होते. १९६८ मध्ये इस्रायली लष्कराने ते काम थांबवले. म्हणजे शेतकऱ्याने नाव लावून घ्यायला जावे तर कचेरी बंद; आणि नाव नाही म्हणून जमीन सरकारी. या मार्गाने लाखो दुनम जमीन ‘सरकारी’ ठरली. एक दुनम म्हणजे एक हजार चौरस मीटर, आपल्या हिशेबाने सुमारे दहा गुंठे.

हे सारे ध्यानात घेतले की अमोनाचे महत्त्व कळते. तुर्की कायदा, पडीक जमीन, अपुरी नोंद, यांपैकी कोणतीच पळवाट येथे चालण्यासारखी नव्हती. येथे मालकांची नावे लागलेली होती. जगाचा कायदा बाजूला ठेवला तरी इस्रायलच्या स्वतःच्या कायद्याने ही टेकडी दुसऱ्याची होती. म्हणूनच ती खरी परीक्षा ठरली.

*

२००६ च्या १ फेब्रुवारीला न्यायालयाच्या आदेशावरून अमोनातील नऊ पक्की घरे पाडण्यात आली. हजारो निदर्शक टेकडीवर जमले होते. घोडेस्वार पोलीस आणि निदर्शक यांच्या चकमकीत दोनशेहून अधिक माणसे जखमी झाली. पण फिरती घरे तशीच राहिली आणि वस्ती चालूच राहिली.

२००८ मध्ये जमिनीचे मालक येश दिन या इस्रायली संस्थेच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात गेले. हेही लक्षात ठेवावे की, पॅलेस्टिनी शेतकऱ्याच्या बाजूने लढणारे वकील इस्रायलीच होते. सरकारने न्यायालयात कबूल केले की जमीन खाजगी आहे, वस्ती हलवू. नंतर मुदती मागितल्या. मुदत संपली की आणखी मुदत. अखेर २५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला: दोन वर्षांत वस्ती उठवा. दोन वर्षे संपत आली तेव्हा सरकारने आणखी सात महिने मागितले. न्यायालयाने ते नाकारले. पुढे केवळ पंचेचाळीस दिवसांची वाढ दिली. २०१७ च्या १ आणि २ फेब्रुवारीला सुमारे चाळीस कुटुंबांना पोलिसांनी उचलून खाली आणले.

त्या दिवशीची दृश्ये पाहून मलाही वाईट वाटले, हे मी लपवत नाही. ज्या मुलांना पोलीस उचलून नेत होते त्यांतील कित्येकांचा जन्मच त्या टेकडीवरचा. आपले घर दुसऱ्याच्या शेतात उभे आहे हे त्या मुलांना कुणी सांगितले असेल? त्यांच्या आईबापांनाही सरकारने रस्ता दिला, वीज दिली, पहारेकरी दिला. मग त्यांनी आपल्याला मूक संमती आहे असे समजणे स्वाभाविकच होते. परंतु त्यांच्याबद्दलची कणव त्यांना तेथे नेऊन बसवणाऱ्यांच्या खात्यावर लिहायला हवी, सिलवादच्या शेतकऱ्याच्या खात्यावर नव्हे. त्याने वीस वर्षे आपली टेकडी दुरून पाहिली, त्याच्यासाठी कुणी छायाचित्रकार आला नाही.

आणि मग जे घडले, ते खरे या लेखाचे प्रयोजन आहे. वस्ती उठवून आठवडा झाला नव्हता. ६ फेब्रुवारी २०१७ रोजी इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, ६० विरुद्ध ५२ मतांनी एक कायदा केला. सद्भावनेने किंवा सरकारच्या प्रोत्साहनाने दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर घरे बांधली गेली असतील, तर त्या जमिनीचा वापर सरकारने आपल्याकडे घ्यावा, मालकाला मोबदला द्यावा आणि घरे कायम करावीत, असा त्याचा आशय. म्हणजे मालकाची संमती असो वा नसो. खुद्द सरकारचे महान्यायवादी अविचाय मँडेलब्लिट यांनी या कायद्याची न्यायालयात बाजू मांडण्यास नकार दिला. सरकारला खाजगी वकील द्यावा लागला.

९ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

येथे आमचे काही मित्र म्हणतील, ‘पाहा, न्याय झालाच की! आजूबाजूच्या किती देशांत न्यायालय आपल्याच सरकारविरुद्ध असा निकाल देईल?’ हा मुद्दा मला मान्य आहे. इस्रायलच्या न्यायाधीशांचे, वकिलांचे आणि सासोनबाईंसारख्या अधिकाऱ्यांचे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. पण हिशेब पुरा करा. याचिका २००८ ची, ताबा उठला २०१७ ला. जमीन रिकामी झाल्यावरही लष्करी बंदीमुळे मालकांना शेतात मोकळेपणी जाता येऊ लागले असे झाले नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा दोन फिरती घरे टेकडीवर येऊन बसली. ती पुढच्या महिन्यात हलवावी लागली. आणि अमोनाच्या लोकांचे काय झाले? ३० मार्च २०१७ रोजी मंत्रिमंडळाने त्यांच्यासाठी शिलोच्या परिसरात अमिचाय नावाची नवी वसाहत मंजूर केली. दोन दशकांहून अधिक काळानंतर सरकारने अधिकृतपणे मंजूर केलेली ती पहिली नवी वसाहत. ज्यांनी दुसऱ्याच्या शेतात विनापरवाना घर बांधले त्यांना अखेरीस परवान्यासह गाव मिळाले. ज्यांची जमीन होती त्यांना निकालपत्राची प्रत मिळाली.

*

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. अमोनाच्या प्रकरणात सर्वांत घातक गोष्ट अतिक्रमण ही नव्हे. अतिक्रमणे सर्व देशांत होतात; आपल्याकडेही काही कमी होत नाहीत. घातक आहे ती ‘नियमित करणे’ ही कल्पना. आधी कृत्य करायचे आणि मग कृत्याला बसेल असा कायदा शिवायचा. अंगाच्या मापाने सदरा शिवतात हे ठीक. पण चोराच्या मापाने कायदा शिवला तर तो कायदा कसला?

आणि हा सदरा एकाच्याच मापाने शिवला जातो. पश्चिम किनाऱ्याच्या ज्या भागावर इस्रायलचा पूर्ण ताबा आहे तेथे पॅलेस्टिनी माणसाला स्वतःच्या जमिनीवर घर बांधायलाही लष्करी प्रशासनाचा परवाना लागतो. तो बहुतेकांना मिळतच नाही. मग तोही विनापरवाना बांधतो आणि त्याचे घर पाडले जाते. एका टेकडीवर दुसऱ्याच्या जमिनीतले विनापरवाना घर कायम व्हावे म्हणून संसद बसते. पलीकडच्या टेकडीवर स्वतःच्या जमिनीतले विनापरवाना घर पाडायला बुलडोझर येतो. ‘विनापरवाना’ हा शब्द दोन्हीकडे एकच. फरक फक्त मालकाच्या जातकुळीचा. मला वाटते, कायद्याच्या विद्यार्थ्याला एवढे एकच उदाहरण पुरे आहे.

२०२० च्या निकालाने प्रश्न मिटलाही नाही. मित्झपे क्रामिम या वस्तीच्या खटल्यात २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी, सद्भावनेच्या व्यवहाराचा आधार घेऊन, वस्ती राहू देण्याकडे कल दिला. २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने नऊ बिनपरवाना वस्त्या अधिकृत करण्याचे ठरवले. २०२५ च्या मेमध्ये बावीस वसाहतींची घोषणा झाली. त्यांत पूर्वी विनापरवाना असलेल्या वस्त्याही होत्या. अमोनात जे अपवाद म्हणून अडले ते आता धोरण म्हणून चालू लागले आहे.

*

आपला यात काय संबंध, असे कुणी विचारील. एक संबंध राष्ट्र म्हणून आहे. भारताने १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत फाळणीच्या योजनेविरुद्ध मत दिले, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या मतावर आधारलेला ठराव आमसभेपुढे आला तेव्हा १२४ देशांनी बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिला. यावर मत बनवणे हे नागरिक म्हणून आपले काम आहे.

दुसरा संबंध अधिक जवळचा, भाषेचा आहे. कोकणातील बेने इस्रायल, ज्यांना आपले लोक शनिवार तेली म्हणत, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. आजही तेथे मराठी बोलणारी घरे आहेत. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील मुख्य धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली. त्यांच्या ज्यूपणाचाच दाखला मागितला. आपल्या या बांधवांनी निदर्शने केली, धरणी धरली, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने ते सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत असा ठराव केला. त्यांची मागणी काय होती? एकाच देशात माणसामाणसाला दोन मापे लावू नका, एवढीच. म्हणून मी म्हणतो, अमोनाबद्दल प्रश्न विचारणे म्हणजे ज्यूंचा द्वेष नव्हे. जो न्याय मराठी ज्यूंनी स्वतःसाठी मागितला आणि मिळवला, तोच सिलवादच्या शेतकऱ्यासाठी मागणे आहे. आणि उलटही सांगतो: पॅलेस्टाईनचे नाव घेऊन निरपराध ज्यू माणसांवर हत्यार उचलणाऱ्याला या टेकडीच्या उताऱ्यातून कोणताही परवाना मिळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या अंकाच्या मराठी विभागात किंवा कन्नड विभागात लिहिणारे तुम्ही उद्या वकील व्हाल, पत्रकार व्हाल, तलाठी व्हाल, कदाचित न्यायाधीशही व्हाल. तुमच्यापुढे एखाद्या गरिबाचा कागद येईल आणि त्याच्या समोर इतिहास, धर्म, संख्या आणि सरकार यांचे ओझे ठेवले जाईल. तेव्हा तुम्ही काय वाचाल, यावर त्या माणसाचे आयुष्य ठरेल. त्याची तयारी वादविवादाच्या व्यासपीठावरच करावी लागते.

पहिले बक्षीस आता परत घेता येणार नाही. पण पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून बोलावलेत तर आधीच सांगून ठेवतो: आवाजाला गुण नाहीत. जो वक्ता उभा राहून शांतपणे विचारील, ‘जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि तिचा कायदा कोणी, कधी, कोणासाठी बदलला?’ त्याला मी पहिला क्रमांक देईन. मग तो कोणत्याही बाजूने बोलो.